वाचक विचारतात : पोर परदेशातल्या शाळेत चाललं, आणि तिकडचं पोर आपल्या घरी येणार

मागच्या अंकात स्कूल एक्सचेंजबद्दल चारच ओळी छापल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलं. बहुतेक प्रश्न जर्मनीचे आहेत म्हणून उत्तरंही जर्मनी डोळ्यासमोर ठेवूनच लिहितेय. आपल्याकडून जर्मनीचा ओढा जास्त, आणि ते साहजिकच आहे, मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत आणि महाराष्ट्राची तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०१५ पासून भागीदारी आहे. पत्रांमधली नावं काढून टाकलीत, नागपूरकडची वस्ती तेवढी ठेवली.

प्रश्न : माझा मुलगा आता नववीत जाईल. शाळेनं मे महिन्यात जर्मनीची ट्रिप काढली, पार्टनर स्कूलला भेट वगैरे आहे. खर्च दोन लाखांच्या वर सांगतात आणि पहिला हप्ता लवकर भरा म्हणून मागे लागलेत. मिस्टर म्हणतात शाळेची आहे म्हणजे चांगलीच असेल, मला मात्र काही सुचत नाहीये. भरू का नको? — एक आई, मनीषनगर

ताई, हप्ता भरायच्या आधी शाळेकडून रोजचा कार्यक्रम लेखी मागून घ्या आणि त्यात फक्त दोन गोष्टी मोजा, मुलं पार्टनर शाळेच्या वर्गात किती दिवस बसणार आणि तिथल्या कुटुंबात किती रात्री राहणार. पंधरा दिवसांत एक सकाळ शाळेत आणि बाकी पॅरिस, स्वित्झर्लंड, ॲम्युझमेंट पार्क असं असेल तर ती सहल आहे. सहलीत वाईट काहीच नाही, पण मग तिचा भाव नागपुरातल्या चार टूरवाल्यांकडे जाऊन तपासा आणि आपण सहलीचे पैसे देतोय हे समजून द्या.

नंतर शाळेला तीन प्रश्न विचारा. तिकडची शाळा कोणती आणि तिथे ही जबाबदारी कोणत्या शिक्षकांकडे आहे? माझ्या मुलाचा जोडीदार ठरलाय का, आणि जायच्या आधी दोघं एकमेकांशी बोलणार कधी? आणि तिसरा, जो पालक सहसा विचारतच नाहीत, तिकडची मुलं आपल्याकडे कधी येणार? या तिसऱ्या प्रश्नाला “ते पुढचं पुढे बघू” असं उत्तर आलं तर मी तरी हप्ता भरणार नाही. एक्सचेंजमध्ये देणं आणि घेणं दोन्ही असतं. ज्या घरात तुमचा मुलगा दहा दिवस जेवला त्या घरचा मुलगा तुमच्या घरी जेवायला येणारच नसेल तर काहीतरी अर्धवट राहिलं, आणि मुलांना ते बरोबर कळतं.

तारखा बघताना सुट्ट्यांकडे नीट लक्ष द्या. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मे-जून आपल्या मुलांना मोकळा असतो आणि तिकडे तेव्हा वर्ग भरलेले असतात, ही जुळणी खूपच चांगली आहे. फक्त जर्मनीत प्रत्येक राज्याच्या सुट्ट्या वेगळ्या, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मे-जूनच्या आसपास पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची जवळजवळ दोन आठवडे सुट्टी असते आणि उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ऑगस्टमध्ये कोणी तिथल्या शाळेत मुलं बसवतो म्हणत असेल तर वर्गात असणार कोण ते विचारा. दहावीपेक्षा नववीच बरी, हे तुमचं बरोबर जमतंय.

पैशाचं म्हणाल तर खर्चाची फोड मागा. कुटुंबात राहायचं असेल तर राहणं-जेवण साधारण यजमानांकडेच असतं, मग हॉटेलचा खर्च यादीत कशाला दिसतोय? आणि एक गोष्ट जी फार कमी पालकांना माहीत आहे, शाळेतली मुलं आणि सोबतचे शिक्षक शिक्षणासाठी जात असतील तर शेंगेन व्हिसाची, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, फी माफ असते. एरवी १२ वर्षांच्या वरच्यांना ती ९० युरो आहे. अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा लागू शकतो. पण ही माफी मिळायला दोन्ही शाळांच्या पत्रात शैक्षणिक एक्सचेंज असं स्पष्ट लिहिलेलं लागतं, टुरिस्ट म्हणून अर्ज केला की विषय संपला. तुमच्या यादीत व्हिसा फी धरली असेल तर नेमका अर्ज कुठला करताय ते विचारून घ्या, त्या एका उत्तरात बरंच काही समजेल. टूर कंपनी मध्ये असेल तर ती टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा कर, घेईल, तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता होतो, पावती जपून ठेवा. व्हिसा नाकारला तर किती पैसे परत, हेही लेखी घ्या.

प्रश्न : मॅडम मी नववीत आहे. आमच्या शाळेतून एक्सचेंजसाठी माझी निवड झाली पण आमचं घर दोन खोल्यांचं आहे, आजी पण आमच्यातच राहते. मैत्रिणी म्हणतात की ती जर्मन मुलगी तुझ्या घरी कशी राहील, नाव काढून घे. आईला पण टेन्शन आलंय. काय करू? — एक विद्यार्थिनी, महाल

बेटा, नाव अजिबात काढू नको.

पाहुणीला स्वतंत्र खोली लागत नाही. तिला स्वतःचा पलंग किंवा गादी लागते, बॅग ठेवायला एक कोपरा, आतून कडी लागणारं बाथरूम, प्यायला सुरक्षित पाणी, आणि रोज थोडा वेळ जेव्हा तिच्याशी कोणी बोलणार नाही. हे शेवटचं आपल्याकडे जड जातं. आपण पाहुणा एकटा बसला की लगेच जाऊन विचारतो, काय झालं, बरं नाही का, काही खायला देऊ का. ती मुलगी दिवसभर परक्या भाषेत राहून थकलेली असेल, तिला अर्धा तास भिंतीकडे बघत बसू दे. आजीलाही हे आधीच सांगून ठेव.

दोन खोल्या आहेत, आजी घरात आहे, आई नोकरीवरून उशिरा येते, जे आहे ते सगळं शाळेच्या फॉर्मवर खरं लिही. सोबत घराचे दोन-तीन फोटोही पाठव, आवरून काढलेले चालतील पण दुसऱ्याच्या घरातले नकोत. मग तिकडचे शिक्षक त्याप्रमाणे जोडी लावतात. आणि मी बघितलंय की मोठ्या फ्लॅटमध्ये, एसी खोलीत ठेवलेल्या मुलांपेक्षा महाल-इतवारीतल्या भरल्या घरात राहिलेली मुलं निघताना जास्त रडतात. आजीजवळ बसून मेथी निवडायला मिळते ना, ते कुठल्या हॉटेलात मिळणार?

पण त्यांनी कधी यावं हे शाळेला ठासून सांगा. मे महिन्यात नागपुरात कोणाला बोलवायचं नाही, पारा ४५ च्या वर जातो आणि तिकडच्या मुलांना ते खरंच झेपत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त. दिवाळीनंतर आली तर फराळही मिळेल. फिरवायला लांब जायची गरज नाही. दीक्षाभूमी दाखव, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे काय झालं ते तू स्वतः तिला सांग, त्यासाठी आधी वाचून तयारी कर कारण ती प्रश्न विचारेल. सेवाग्रामची बापूकुटी एका दिवसात होते. झिरो माईल, अजब बंगला, फुटाळा, सीताबर्डीची गर्दी, रामटेकचा गड. सकाळी तर्री पोहे, पण तर्री वेगळ्या वाटीत. सावजी पहिल्या दिवशी नको, पोट रुळलं की मग.

आईला एक नियम सांग. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणत आलेत. हे फक्त हॉटेलला आहे असा समज आहे, पण घरालाही लागू आहे. पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी लागते. शाळेतल्या ज्या सरांकडे हे काम आहे त्यांच्याकडून ही नोंद पाहुणी आल्या दिवशीच करून घ्या.

आणि फोटो. तिचा फोटो स्टेटसला टाकायच्या आधी तिला विचार, प्रत्येक वेळी विचार. जर्मनीत स्वतःच्या फोटोवर स्वतःचा हक्क कायद्यानंच असतो आणि लोक त्याबाबतीत फार काटेकोर आहेत. तुझ्या घरच्यांच्या, काका-मावश्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही हेच लागू.

प्रश्न : मी एकटी आई आहे. मुलगी चौदा वर्षांची, सात वर्षांपासून माझ्याकडेच. तिच्या वडिलांशी आमचा काहीच संपर्क नाही. शाळा म्हणते दोघांची सही पाहिजे. तिचं जाणं यावरून अडेल का? — हिंगणा रोड

ताई, अडणार नाही, पण काम आजच सुरू करा कारण तुम्हाला इतरांपेक्षा जास्त वेळ लागेल.

दोन वेगवेगळ्या ठिकाणी सही लागते आणि लोक त्याची गल्लत करतात. पहिलं ठिकाण पासपोर्ट. अठराच्या आतल्या मुलांच्या पासपोर्टला दोन्ही पालकांच्या सह्यांचं ॲनेक्शर डी नावाचं जोडपत्र असतं, आणि एका पालकाची संमती मिळू शकत नसेल तर त्याऐवजी ॲनेक्शर सी, ज्यात तुम्ही परिस्थिती लिहून जबाबदारी घेता. घटस्फोट झालेला असेल तर ताबा तुमच्याकडे असल्याचा कोर्टाचा आदेश जोडायचा. आदेशाची सर्टिफाइड कॉपी नसेल तर आधी ती काढा, वकिलाकडची झेरॉक्स पुरत नाही. दुसरं ठिकाण व्हिसा. तिथेही दोन्ही पालकांची संमती किंवा एकट्याकडे ताबा असल्याचा पुरावा मागतात. कोर्टात केसच झालेली नाही, नुसते वेगळे राहता, असं असेल तर मात्र एखाद्या फॅमिली कोर्टाच्या वकिलांचा सल्ला घ्या, कारण कागदावर वडिलांचा हक्क तसाच असतो. तुमच्या पत्रातून हे मला स्पष्ट झालं नाही म्हणून दोन्ही लिहिलं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत देतात पण कागद कमी पडले तर तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि सुट्टीच्या आधी अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. पंधराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट फार तर पाच वर्षांचाच असतो, लहानपणी काढलेला असेल तर संपलाय का ते आत्ता उठून कपाटात बघा. प्रवास विमा ३०,००० युरो कव्हरचा. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला यातलं नाव एका अक्षराचाही फरक नसलेलं पाहिजे, फरक असेल तर महापालिकेच्या झोन ऑफिसला आधी जा.

आणि ताई, मुलीला या सगळ्याचं ओझं देऊ नका. शाळेत क्लास टीचरला एकट्यात भेटून सांगा की वडिलांच्या सहीचा विषय वर्गासमोर काढायचा नाही. ही विनंती करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि कुठलाही भला शिक्षक ती मानेल.

प्रश्न : नातू जूनमध्ये जर्मनीला चाललाय. आमच्या घरात अंडंही येत नाही. दोन आठवडे पोट्टं खाईल काय? आणि रोज फोन करेल ना? त्याची आजी आत्तापासून जेवत नाहीये. — एक आजोबा, वर्धमाननगर

काका, काकूंना म्हणावं निवांत जेवा. जर्मनीत शाकाहारी माणूस ही आता नवलाची गोष्ट राहिली नाही, तिथली कितीतरी तरुण पोरंच मांस सोडून बसलीत. फक्त फॉर्मवर “व्हेज” एवढाच शब्द लिहू नका. काय खातो आणि काय खात नाही याची पूर्ण यादी द्या, अंडं नाही, मासे नाहीत, हाडांच्या स्टॉकमधलं सूप नाही. रंगीत गमी गोळ्यांमध्ये प्राण्यांपासूनचं जिलेटिन असतं, केकमध्ये आणि काही पास्त्यात अंडं, आणि बऱ्याच चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट. चीजचं तुमच्या घरी काय धोरण आहे ते आधीच ठरवा, तिथे टेबलावर बसून ठरवायला लावू नका. पिवळ्या-हिरव्या व्ही लेबलची, म्हणजे शाकाहारी खूण असलेली, पाकिटं ओळखायला शिकवा.

संध्याकाळी तिकडे बरेचदा गरम स्वयंपाक नसतो, ब्रेड, चीज, काकडी, टोमॅटो असं थंड जेवण असतं आणि गरम जेवण दुपारी. नातवाला हे आधीच सांगा, नाहीतर त्याला वाटेल की आपल्यासाठी कोणी काही केलंच नाही. आणि जायच्या आधी काकूंनी त्याला पोहे आणि खिचडी करायला शिकवावी, अगदी गॅस बंद करण्यापर्यंत. एका संध्याकाळी त्यानं त्या घरच्यांना स्वतः पोहे करून वाढले ना, की मग तो त्या घरात पाहुणा राहत नाही.

नळाचं पाणी तिथे थेट पितात, चालतं. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. अँब्युलन्सचा नंबर ११२, पोलिसांचा ११०, हे फोनमध्ये नाही, डोक्यात असू दे. रविवारी दुकानं बंद असतात. रात्री दहानंतर आवाज नको.

फोनबद्दल मात्र काका तुम्हाला पटणार नाही असं सांगते. जून महिन्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे तो संध्याकाळी सहाला त्या घरच्यांबरोबर टेबलावर बसतो तेव्हा आपल्याकडे साडेनऊ, म्हणजे नेमकी तुमची फोनची वेळ. रोज त्या वेळी व्हिडिओ कॉल लावला तर पोरगा शरीरानं तिथे आणि मनानं वर्धमाननगरात राहील. रोज एक मेसेज ठरवा, “जेवलो, बरा आहे”, आणि व्हिडिओ कॉल तीन-चार दिवसांनी. पहिले दोन-तीन दिवस तो रडवेला वाटेल, मला घ्यायला या म्हणेल, तेव्हा घाबरून शिक्षकांना पन्नास फोन करू नका, थोडं थांबा, बहुतेक मुलं चौथ्या-पाचव्या दिवशी फोनच उचलत नाहीत. पण कोणी त्याला त्रास देतंय, झोपायची जागा ठीक नाही, घरात भीती वाटते, असं काही बोलला तर एक मिनिट थांबायचं नाही, सोबतच्या शिक्षकांना लगेच कळवायचं आणि घर बदलून मागायचं. निघायच्या आधीच त्याला सांगून ठेवा की असं सांगितलं तर कोणी रागावणार नाही, ट्रिपचे पैसे वाया गेले असं कोणी म्हणणार नाही.

प्रश्न : मी कामठीजवळच्या मराठी शाळेत शिकवतो. आमच्या मुलांच्या पालकांकडे पासपोर्ट तर सोडाच, सहलीचे पाचशे रुपये पण नसतात. आमच्यासारख्यांनी हे वाचून फक्त सोडून द्यायचं का? — एक शिक्षक

सर, तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

सोडून द्यायचं नाही. विमान हा एक्सचेंजमधला सगळ्यात महाग भाग आहे पण सगळ्यात महत्त्वाचा नाही. पार्टनर शाळा विमानाशिवाय मिळते. युनेस्कोचं असोसिएटेड स्कूल्स नेटवर्क १९५३ पासून चालू आहे आणि त्यात जगभरातल्या शाळा आहेत. जर्मन परराष्ट्र खात्यानं २००८ मध्ये पाश नावाचा उपक्रम सुरू केला, त्यात जगभरातल्या जवळजवळ दोन हजार शाळा जोडलेल्या आहेत, आपल्याकडे त्याचं काम गोएथे इन्स्टिट्यूट म्हणजे मॅक्स म्युलर भवन बघतं. सदस्य होणं लगेच जमेल असं नाही, पण तिथून एखाद्या शाळेशी ओळख नक्की होऊ शकते.

सुरुवात छोट्या कामानं करा. पत्रांपेक्षा दोन्ही वर्गांना एकच काम द्या, कारण तुमच्या मुलांचं इंग्रजी कच्चं असेल तर तिसऱ्या पत्रानंतर लिहायलाच काही उरत नाही. रोज दुपारी बाराला सावलीत तापमान मोजायचं आणि आलेख काढायचा, दोन्हीकडे. किंवा आपल्या घरात पाणी कुठून येतं याचं चित्र. आकडा आणि चित्र सगळ्यांना वाचता येतं. जर्मनीत उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे केलेली असतात तेव्हा आपल्याकडचे साडेबारा म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ, दोन्ही शाळा भरलेल्या असतात, एका मोबाइलवर पंधरा मिनिटं बोलता येतं. तिकडची मुलं तुमच्या मुलांना सांगतील की त्यांच्याकडे १ हा सगळ्यात चांगला ग्रेड असतो आणि ६ सगळ्यात वाईट, आणि गणवेश नसतोच, यावर तुमच्या वर्गात अख्खा तास चर्चा होईल बघा.

आणि तिकडचे शिक्षक कधी भारतात आले तर त्यांना शहरातल्या मोठ्या शाळेतच न्यायचं असं कुठे आहे? तुमच्या शाळेत एक दिवस बोलवा. नागपुरातल्या ज्या शाळांचे एक्सचेंज चालू आहेत त्यांना मी इथूनच विनंती करते, तुमच्याकडे पाहुणे येतील तेव्हा एक दिवस कामठी, कळमेश्वर, मौद्याकडच्या एखाद्या शाळेसाठी राखा, बसचं भाडं तेवढंच लागतं. सर, तुमचा पत्ता माझ्याकडे आहे, कोणी विचारलं तर तुम्हाला आधी कळवून मगच देईन.

प्रश्न : यजमानांसाठी संत्री आणि संत्रा बर्फी नेली तर चालेल ना? — धंतोली

संत्री नाही. युरोपियन युनियनमध्ये ताजी फळं न्यायला रोगमुक्त असल्याचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढीच त्यातून सुटलीत. नागपुरी संत्र्याला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख, असला तरी बॅगेतून ते जाणार नाही. दूध आणि दुधाचे पदार्थही प्रवाशांना नेता येत नाहीत, म्हणून तूप, पनीर नको आणि बर्फी असो की दुसरी, खव्याची मिठाई टाळाच, एअरपोर्टवर पोरांच्या हातून काढून घेतली की फार वाईट वाटतं त्यांना. कोरडा चिवडा, शेव, तिळाची चिक्की न्या, सीलबंद पाकिटात आणि आत काय आहे ते इंग्रजीत छापलेलं असलेली, कारण त्या घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर त्यांना ते वाचता आलं पाहिजे. ॲलर्जीचं तर आधी मेसेज करून विचारूनच घ्या.